माणसाच्या मापाचं भोक

‘ह्यूमन इंजिनियरिंग’ हा शब्द मी वाजवून घेतो. त्याचा खरा अर्थ सरळ : माणसाचं शरीर, नजर, ताकद बघून यंत्र घडवायचं. दुसऱ्या महायुद्धात विमान उतरवताना अमेरिकन वैमानिक भलतीच मूठ ओढत. चाकं आत जात, विमान आपटे. शेवटी मुठींचे आकार वेगळे केले. दोष माणसाचा नव्हता, मुठीचा होता.

आपल्याकडं उलटं. इथं माणूसच ठोकून कामाच्या मापाचा करतात. मॅनहोल बघा. भोक माणसाच्या मापाचं, अन् त्यात उतरणाऱ्याची जात आधीच ठरलेली. हे मनूचं इंजिनियरिंग! जात नुसती कामं वाटत नाही, कामगारच वाटते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलं.

२०१३ च्या कायद्यानं सुरक्षेविना गटारात माणूस उतरवणं गुन्हा ठरला. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं मृत्यूची भरपाई दहाची तीस लाख केली. मढ्याचा दर वाढला, भोक तसंच!

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद कॉलेज काढलं. नागसेनवनात शिकून वाळूजच्या कारखान्यात इंजिनियर झालेल्या पोरांनो, मी तुम्हालाच विचारतो : माणूस आत न उतरवता गटार साफ होईल, असा नकाशा कोण काढणार?