बांधाचा दावा आणि भाऊबंदकी

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात बांधाचा दावा दाखल होतो, तेव्हा वादी-प्रतिवादी बहुधा सख्खे चुलतभाऊच असतात. वाद दोन-चार हात जमिनीचा! कोर्ट कमिशनर नेमून सरकारी मोजणीचा नकाशा मागवला, तर निम्मा वाद तेथेच विरतो; परंतु तसा अर्जच अनेकदा उशिरा दिला जातो. एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी नको, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. तारखा मात्र थांबत नाहीत. जिंकलेल्या दाव्यानंतरही लग्नकार्यात चुलत्याचे पान रिकामे राहणार असेल, तर त्या हुकूमनाम्याचे करायचे काय? २००२ पासून कलम ८९ अन्वये न्यायालयच तडजोडीचा मार्ग दाखवू शकते. लोकअदालतीत समेट झाल्यास न्यायालय शुल्क परत मिळते, निवाड्यावर अपीलही नसते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी दोन्ही घरांना तेथवर आणावे, तेही पुढील पेरणीपूर्वी.