पांढरे जाते? रक्त नव्हे, स्राव तपासा

अंगावरून पांढरे जाते, त्याला वास येतो, अशी तक्रार असलेली बाई पुष्कळदा डॉक्टरांना विचारते, "रक्त तपासून कळणार नाही का?" रक्त दिले की अंग दाखवावे लागत नाही. हा संकोच आम्ही समजू शकतो. परंतु या दुखण्यात रक्ततपासणीवर खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निरोगी योनिमार्गात दह्यातील जंतूंच्या जातकुळीचे जंतू असतात. ते आम्ल तयार करून इतर जंतूंना आवरतात. ते कमी झाले की गार्डनेरेला व इतर जंतू माजतात. यालाच डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. रक्तातील प्रतिद्रव्ये फार तर अशा जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली एवढेच सांगतील. गार्डनेरेला तर काहीच त्रास नसलेल्या अनेक स्त्रियांतही सापडतो. मग आज विकार आहे की नाही, हे रक्तावरून कसे ठरवावे? विषमज्वराच्या विडाल तपासणीतही जुन्या तापाच्या खुणा असाच घोटाळा करतात.

खरी तपासणी साधी आहे. १९८३ साली ॲम्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणा सांगितल्या: पातळ, एकसारखा स्राव, त्याचा पीएच ४.५ हून अधिक. पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकताच माशासारखा वास. आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी माखलेल्या पेशी. चारांपैकी तीन आढळल्या की निदान झाले. काचपट्टी रंगवून जंतूंना गुण देण्याची नुजेंट यांची पद्धतही १९९१ पासून आहे. बुरशीमुळे किंवा ट्रायकोमोनासमुळेही पांढरे जाते व बुरशीचे औषध वेगळे असते. म्हणून अंदाजाने गोळ्या घेऊ नयेत.

गरोदरपणी एच.आय.व्ही. व उपदंशासाठी रक्त तपासतात, ते अवश्य करावे. ती तपासणी निराळी. मात्र गरोदर स्त्रीने पांढऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. या विकारात बाळ अपुऱ्या दिवसांचे होण्याचा संभव वाढतो.

भगिनींनो, आतून धुण्याने हा त्रास जात नाही, उलट वाढतो. घरच्या मंडळींनीही या विकारावरून बाईच्या चारित्र्याबद्दल संशय घेऊ नये. आणि दवाखान्यांना आमची विनंती आहे: एक पडदा, सोबत एक परिचारिका आणि दोन धीराचे शब्द एवढे असले, तर कोणतीही बाई तपासणीला मागे सरणार नाही.