बंदूक मापाची असावी

गेल्या पोळ्याच्या सुमारास आमचे एक बागाईतदार स्नेही आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. त्यांचा पुतण्या नोकरीनिमित्त विलायतेंत असतो. त्यानें तेथील एका बंदूक-कारागिराच्या कारखान्याची हकीकत लिहून कळविली होती. शिकारी रायफल तेथें गिऱ्हाइकाच्या अंगाचें माप घेऊन बनवितात. ती हातीं पडावयास दोन-दोन वर्षें लागतात. आणि किंमत म्हणाल तर तितक्यांत आपल्याकडे दोन-तीन ट्रॅक्टर येतील! "भाऊसाहेब, हें वेड नव्हे तर काय?" असें आमच्या स्नेह्यांनीं विचारलें. आम्हीं उत्तर दिलें कीं, निम्में वेड आहे व निम्में शहाणपण आहे. यांतील शहाणपणाचा भाग आपल्या शेतकरी वर्गानें घेण्यासारखा आहे, म्हणून हा लेख.

वेडाचा भाग प्रथम सांगून टाकूं. लोखंडावर कोरलेलीं हरणें, सोन्याचीं अक्षरें, मखमलीची पेटी, हा सर्व श्रीमंतीचा थाट होय. त्यानें गोळी एक केंसभरही सरळ जात नाहीं. त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

शहाणपण आहे तें मापांत. उत्तम कारागीर गिऱ्हाइकास प्रथम सांध्यांचा, लांब-आंखूड होणारा व वांकणारा दस्ता असलेली एक नमुन्याची बंदूक खांद्यास लावावयास देतो. चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंत लांबी किती हवी, गाल टेकतो तेथें उतार किती हवा, दस्ता बाजूस किती झुकावा, हें सर्व तो लिहून घेतो. हेतु हा कीं, बंदूक खांद्यास लागतांच डोळा आपोआप नेमाच्या रेषेंत यावा. मग अक्रोडाचें अनेक वर्षें वाळविलेलें लांकूड निवडतात. मुठीच्या जागीं त्याचे तंतु सरळ जातात कीं नाहीं हें पाहतात, कारण तेथें आडवे तंतु असल्यास धक्क्यानें दस्ता फुटतो. नळी व कळ लांकडांत बसविण्याची रीत तर आपल्या सुतारांनीं पाहण्यासारखी आहे. लोखंडास दिव्याची काजळी लावून तें लांकडावर दाबतात. जेथें काळा डाग उठेल तेथेंच पटाशीनें किंचित् तासतात. पुन्हां काजळी, पुन्हां दाब. असें शेंकडों वेळां केल्यावर लोखंड व लांकूड यांत कागद जाईल इतकीही फट राहत नाहीं. शेवटीं त्या लांकडावर आपल्याच शेतांत पिकतें त्या जवसाचें तेल कित्येक आठवडे हातानें मुरवितात. दोन नळ्यांची रायफल असेल तर दोन्हीं नळ्यांच्या गोळ्या एके ठिकाणीं लागेपर्यंत नळ्यांच्या तोंडांमधील पाचर पुन्हां पुन्हां सरकवून झाडून पाहतात. आणि नेहमींपेक्षां जड बार भरून नळीची सरकारमान्य परीक्षा झाल्याशिवाय ती विकतां येत नाहीं. बर्मिंगहॅम येथील परीक्षागृह याकरितां १८१३ सालीं स्थापन झालें.

शेतकऱ्यास यांत नवल वाटूं नये. आपला सुतार नांगराचें रुमणें हांकणाऱ्याच्या उंचीप्रमाणें बसवितो, आणि जूं बैलांची जोडी पाहून करतो. बैलाच्या खांद्यास न बसणारें जूं आपण घेत नाहीं. आपल्या खांद्यास न बसणारी बंदूक मात्र मुकाट्यानें घेतों!

हलगर्जीपणानें ठेवलेली बंदूक कशी दगा देते याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे, व तें आमच्याच महसूल खात्यांतील असल्यामुळें आम्हांस विशेष आठवतें. १९०७ सालीं कुमाऊं प्रांतांत चंपावत येथें जिम कॉर्बेट यांनीं नरभक्षक वाघीण मारली. त्या वाघिणीनें ४३६ माणसें मारल्याची नोंद आहे. ऐन वेळीं कॉर्बेट यांच्या रायफलीचीं काडतुसें संपलीं, म्हणून त्यांनीं तेथील तहसीलदारसाहेबांची बंदूक धांवत जाऊन घेतली. वाघिणीसमोर उभें राहून पाहतात तों नळ्या व मागील ठोकळा यांत तीन अष्टमांश इंचाची फट! वीस फुटांवरून तोंडावर धरलेला नेम चुकून गोळी पंजास लागली. वाघीण पूर्वीच्या जखमांनीं मरणास टेकली होती म्हणूनच शिकारी वांचला. ही हकीकत त्यांच्या १९४४ च्या पुस्तकांत आहे. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनीं त्यांस रिग्बी या कारखान्याची .२७५ बोअरची रायफल बक्षीस दिली, आणि ती त्यांनीं पुढें अनेक वर्षें वापरली. तहसीलदाराची बंदूक व ही रायफल यांतील अंतर म्हणजेच कारागिराची किंमत होय.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगण्यास लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. आम्हीं पीक-संरक्षणासाठीं शहरांतील एका दुकानांतून बारा बोअरची दुनाळी घेतली. अशा बाजारी बंदुकीचा दस्ता बहुधा चौदा-साडेचौदा इंच असतो. आमचा बांधा ठेंगणा, हात आंखूड. दस्ता काखेंत अडके. दुकानदारास सांगितलें तर म्हणाले, "सवय होईल." २०१६ च्या कार्तिकांत डुकरांनीं ऊस लोळविला, तेव्हां वनखात्याची लेखी परवानगी काढून आम्ही राखणीस बसलों. डुक्कर आलें, दस्ता सदऱ्यांत अडकला, व बार पोटांत मागें लागला. जखमी जनावर उसांत शिरलें. दुसऱ्या दिवशीं तपास करून मगच माणूस आंत जाऊं द्यावयाचा हें आम्हांस सुचलें नाहीं. सकाळीं आमचा सालगडी पाणी फिरविण्यास गेला, आणि त्या डुकरानें त्याची मांडी फाडली. सव्वा महिना तो दवाखान्यांत होता.

पुढें जिल्ह्याच्या गांवीं एका परवानाधारक कारागिरानें आमचें माप घेऊन दस्ता दीड इंच कमी केला. काम दोन तासांचें. मजुरी खताच्या एका पोत्याइतकीही नव्हती. तें काम आधीं झालें असतें तर!

आम्हीं नोकरींत असतांना शस्त्रपरवान्यांचीं कित्येक प्रकरणें लिहिलीं. बंदुकीचा नंबर, बोअर, काडतुसांची संख्या, सर्व रकाने भरले. ती बंदूक धारण करणाराच्या खांद्यास बसते कीं नाहीं, हें विचारणारा रकाना एकही नव्हता. आणि आमच्याही मनांत तो कधीं आला नाहीं.

कोणी म्हणेल, मग विलायतेसारखी रायफलच कां बनवून घेऊं नये? आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौसेची शिकार या देशांत बंद झाली, हें योग्यच झालें. शिवाय रायफलीची गोळी मोकळ्या रानांत दोन-तीन मैल जाऊं शकते; वाड्या-वस्त्यांनीं भरलेल्या शिवारांत तिचें काम नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतही खऱ्याखुऱ्या पीक-रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, व संरक्षणासाठीं निदान वीस इंच नळीच्या, आंतून गुळगुळीत बंदुकीचा. शेतकऱ्यास तेवढें पुरे. दुसरे कोणी म्हणतील कीं, बंदुकीपेक्षां कुंपण व जागल बरी. तेंही आम्हांस मान्य आहे. परंतु जो शेतकरी परवानगी काढून बार टाकतो, त्याच्यावर जनावर एका बारांत पाडण्याचें कर्तव्य येतें. अर्धमेलें जनावर हें पिकास, मजुरास व त्या मुक्या जीवास तिघांसही वाईट.

गांवच्या सुताराकडून अगर लोहाराकडून बंदूक दुरुस्त करून घेण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. वरील कायद्याच्या कलम ५ प्रमाणें बंदूक बनविणें, दुरुस्त करणें वा तपासणें यांस परवाना लागतो, आणि नळीची चूक म्हणजे हात अगर डोळा जाण्याची भीति. म्हणून आमची सूचना अशी आहे. आपल्या संघानें जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून परवानाधारक कारागिरास वर्षांतून एकदां, खरिपाचीं कणसें दुधांत येण्यापूर्वीं, तालुक्याच्या ठिकाणीं बोलावण्याची परवानगी मागावी. प्रत्येक धारकानें परवान्यासह बंदूक आणावी. खिळखिळेपणा तपासावा, दस्ता मापाचा करून घ्यावा, आणि पोलिसांच्या देखरेखीखालीं कागदाच्या निशाणावर चार बार झाडून पाहावे. खर्च धारकांनीं वांटून घ्यावा.

विलायतेचा श्रीमंत दोन वर्षें थांबून जें माप घेतो, तें आपणांस दोन तासांत मिळण्यासारखें आहे. आमचा सालगडी आजही थंडीच्या दिवसांत पाय ओढीत चालतो. तो पुढें चालत असला म्हणजे आम्हांस तो दीड इंच लांकडाचा तुकडा आठवतो. दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊं नये म्हणून संघाच्या येत्या बैठकींत या सूचनेचा विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंति आहे.