थांबलेल्या घड्याळाची गोष्ट



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या पापनाशमच्या घरी एक छोटी पाहुणी आली. शेजारची, आठवीत शिकणारी. घरात मराठी, शाळेत तमिळ, असं तिचं दोन भाषांतलं बालपण. मला ती 'पाटी' म्हणते. आपल्या लिहायच्या पाटीशी याचा काही संबंध नाही बरं का! तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी.

तिच्या हातात भिंतीवरचं एक जुनं घड्याळ होतं. त्याच्या मिनिटकाट्यावर प्लास्टिकची इवलीशी डबी चिकटवलेली. आणि चेहरा अगदी रडवेला.

"पाटी, प्रयोग फसला. शनिवारी परिषदेत मांडायचाय. आता काय सांगू?"

प्रयोग काय होता, ते आधी तुम्हाला सांगते. अंतराळस्थानकात वर-खाली असं काही जाणवत नाही. मग तिथे बी रुजलं तर मूळ कुठल्या दिशेला जाईल? हा प्रश्न पृथ्वीवर राहून कसा तपासायचा? शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक जुनी युक्ती शोधलेली आहे. रोपटं सावकाश, सतत फिरवत ठेवायचं. सगळ्याच दिशा आळीपाळीने 'खाली' होतात, म्हणून मुळाला खालची बाजू नक्की कळत नाही. आमच्या छोटीने ते काम मिनिटकाट्यावर सोपवलं. डबीत ओला कापूस, त्यात भिजवलेले चार मूग, आणि घड्याळ भिंतीवर. शेजारी तशीच दुसरी डबी, न फिरणारी, तुलनेसाठी. पाच दिवस निरीक्षण करायचं ठरलं होतं.

पण दुसऱ्याच रात्री घड्याळ थांबलं. काट्याला डबीचं ओझं झेपलं नाही.

आणि मग कुणीतरी मोठ्या माणसाने तिला सल्ला दिला, "पाच दिवस नीट चाललं असं लिहून टाक. फोटो इंटरनेटवर मिळतील. कुणाला काय कळतंय!"

म्हणजे पाहा, ती मला प्रयोगाबद्दल विचारायला आलीच नव्हती. खोटं लिहू की नको, हे विचारायला आली होती. मी तिला बसवलं, समोर मुरुक्कूची वाटी ठेवली आणि दोन-तीन गोष्टी सांगितल्या. त्याच आज तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट इथून जवळचीच. चेन्नईच्या 'स्पेस किड्झ इंडिया' या संस्थेने स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त देशभरातल्या ७५ शाळांतल्या ७५० मुलींना एकत्र आणलं. त्यांतल्या बहुतेक जणी ग्रामीण भागातल्या, सरकारी शाळांतल्या. मार्गदर्शन घेऊन मुलींनी ७५ छोटी उपकरणं तयार केली. प्रत्येकाचं वजन साधारण ५० ग्रॅम, म्हणजे एका लहानशा लिंबाएवढं. ही सगळी मिळून जो उपग्रह झाला त्याचं नाव 'आझादीसॅट', वजन सुमारे ८ किलो.

७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या नव्या छोट्या रॉकेटने, एसएसएलव्ही-डी१ ने, तो घेऊन झेप घेतली. रॉकेटचे टप्पे ठरल्याप्रमाणे पेटले. टाळ्या झाल्या. आणि शेवटी गडबड झाली. उपग्रह ३५६ किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत जायला हवा होता. तो गेला लंबगोल कक्षेत, आणि तिचं पृथ्वीपासूनचं सर्वांत जवळचं टोक होतं फक्त ७६ किलोमीटरवर. तिथे वातावरणाचं घर्षण असतं, कक्षा टिकत नाही. ७५० मुलींच्या मेहनतीचा उपग्रह निकामी झाला.

आता विचार करा. त्या मुलींपैकी एखादीला नंतर विज्ञान परिषदेत उभं राहून बोलायचं असेल, तर तिने काय सांगावं? आपलं उपकरण आकाशात सुखरूप फिरतंय असं?

इस्रोने काय केलं ते पाहा. उपग्रह आता उपयोगाचे राहिले नाहीत, हे त्यांनी त्याच दिवशी जाहीरपणे सांगितलं. मग कारण शोधलं. रॉकेटचा दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराची कंपनं झाली. वेगातला बदल मोजणारी यंत्रं त्यामुळे गोंधळली. ती बिघडली आहेत असं यानातल्या संगणकाने धरलं आणि पर्यायी मार्ग पकडला. त्यात हवा तेवढा वेग मिळाला नाही. कारण कळलं, म्हणून सुधारणा करता आली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी एसएसएलव्ही-डी२ ने 'आझादीसॅट-२' ला ४५० किलोमीटरच्या कक्षेत अचूक नेऊन सोडलं. मधे गेले जेमतेम सहा महिने. "सगळं ठीक होतं" असं कागदावर लिहून ठेवलं असतं, तर दुसरं रॉकेटही त्याच वाटेने गेलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयं' नावाचा उपग्रह बांधला. बाजू १० सेंटिमीटर, वजन एक किलोहूनही थोडं कमी. ओंजळीत मावेल एवढा! होकायंत्राची सुई जशी आपोआप उत्तर-दक्षिण होते, तसा हा उपग्रह चुंबकाच्या मदतीने, वीज न वापरता, स्वतःची दिशा सांभाळेल का, हे त्यांना पाहायचं होतं. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकूण २० उपग्रह नेले, त्यांत 'स्वयं' होता. आणि गंमत म्हणजे, त्याच रॉकेटमध्ये त्याचा सोबती होता चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा उपग्रह. आमच्यासारख्या मराठी-तमिळ माणसांना याचं जरा जास्तच कौतुक! त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा सुमारे १० किलोचा 'प्रथम' गेला. वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजायला.

पण मला यातलं मोठं वाटतं ते वेगळंच. 'प्रथम'चं काम सुरू झालं २००७ मध्ये आणि तो उडाला २०१६ मध्ये. इंजिनिअरिंगचं शिक्षण चार-पाच वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिला स्क्रू बसवला ते कधीच पदवी घेऊन बाहेर पडले होते. मग काम पुढे गेलं कशावर? आधीच्यांनी मागे ठेवलेल्या नोंदींवर. काय जमलं, काय जमलं नाही, कुठली तार कुठे तापली, हे सगळं खरंखुरं लिहिलेलं असेल, तरच पुढच्या मुलांना पुढे जाता येतं. नोंदीत एक थाप घुसली की पुढचे सगळे फसले.

नोंदींचं महत्त्व आमच्या या मुलखाला नवं नाही. इथून जवळच तंजावरला सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. राजांना वैद्यकाची फार आवड. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह करून ठेवायला लावल्या. आज दोनशे वर्षांनीही डोळ्यांचे डॉक्टर त्या कागदांचा अभ्यास करतात. नोंद खरी आहे, म्हणूनच तिला एवढं आयुष्य मिळालं.

तिसरी गोष्ट छोटीला सगळ्यात आवडली. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात दोन कोळी पाठवले होते, अरबेला आणि अनिता. कल्पना होती जुडिथ माइल्स या शाळकरी मुलीची. वजन जाणवत नसताना कोळी जाळं विणू शकेल का, हा तिचा प्रश्न. अरबेलाने सुरुवातीला जे विणलं ते अगदी गबाळं होतं. कुणी म्हणालं असतं, प्रयोग फसला, पुसून टाका. पण निरीक्षण चालू ठेवलं, आणि काही दिवसांत अरबेलाने जवळजवळ पृथ्वीवरच्यासारखं जाळं विणून दाखवलं. आधीचं गबाळं जाळं नोंदवलेलं होतं, म्हणूनच तर समजलं की कोळी शिकला!

गोष्टी संपल्या. मुरुक्कूही संपले. मग मी म्हटलं, "आण बरं तुझं घड्याळ. आपण दोघी नीट बघू."

घड्याळ भिंतीवर होतं तसं सरळ धरलं, बारा वर आणि सहा खाली. चारही मुगांची मुळं सुरुवातीला चार दिशांना गेली होती. एक वर, एक डावीकडे, कसंही. पण चारही मुळांची टोकं मात्र एकाच बाजूला वळलेली होती. सहाच्या आकड्याकडे. जमिनीकडे!

छोटी क्षणभर गप्प झाली. मग ओरडलीच, "पाटी, फिरत होतं तोपर्यंत मुळांना कळत नव्हतं. थांबल्यावर कळलं!"

"आणि थांबलं कधी?"

तिने काट्यांकडे बोट दाखवलं. दोन वाजून चाळीस मिनिटं. रात्री दहाला तिने ते चालताना पाहिलं होतं आणि सकाळी सहाला बंद. म्हणजे पहाटेचे दोन चाळीस. फसलेल्या प्रयोगाने आपली वेळसुद्धा स्वतःच लिहून ठेवली होती! पाच दिवस सुरळीत चाललं असं लिहिलं असतं, तर तिच्या हातातला हा सगळ्यात सुंदर पुरावा तिलाच लपवावा लागला असता.

आता थोडं तुमच्यासाठी. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आपल्याकडे १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुलं जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत आपलं काम मांडतात. त्यात नोंदवही मागतात, ती याचसाठी. तुमच्या घरातलं कुणी अशा परिषदेला जाणार असेल, तर मांडणीसाठी एवढ्या चार ओळी पुरेत: मला काय जाणून घ्यायचं होतं, मी काय केलं, मला खरोखर काय दिसलं, आणि पुन्हा केला तर काय बदलेन. चौथी ओळ विसरू नका.

आणि मोठ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांचं पोस्टर बघायला गेलात की "बक्षीस मिळालं का?" हे शेवटी विचारा. आधी विचारा, "कुठे अडलीस? मग काय केलंस?" बघा, मूल किती वेळ बोलत राहतं ते. आणि प्रकल्प तुम्ही स्वतः करून देऊ नका. डबी वाकडी चिकटली तर चिकटू दे.

शनिवारी छोटी ते थांबलेलं घड्याळ तसंच घेऊन गेली. परीक्षकांनी विचारलं, "घड्याळ बंद पडलं हे पोस्टरवर कशाला लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, तिथूनच तर उत्तर मिळालं."

पुढे निवड झाली की नाही, ते अजून कळलेलं नाही. तिला त्याची फारशी फिकीरही दिसत नाही. काल संध्याकाळी पुन्हा दारात हजर. या वेळी अधिक दमदार यंत्राचं घड्याळ हवंय तिला.

"पाटी, तुमच्या देवघराजवळचं ते मोठं घड्याळ पाच दिवसांसाठी द्याल?"

दिलं. सध्या वेळ मी मोबाइलवर बघते आहे.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू.