शेजारी ज्येष्ठांचं संकुल होणार असेल, तर महिना वाया घालवू नका

वस्तीतल्या मोकळ्या जागेवर ज्येष्ठांसाठी गृहसंकुल होणार अशी कुणकुण लागली, की काही जण कट्ट्यावर तावातावाने बोलतात. बाकीचे ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून सोडून देतात. दोन्हींचा उपयोग नाही. तुमचं म्हणणं कागदावर गेलं पाहिजे, आणि मुदतीत गेलं पाहिजे.

आधी एवढंच शोधा: विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय? मैदान, बाग किंवा शाळेचं आरक्षण असेल आणि ते बदलायचं असेल, तर गुपचूप बदलता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ३७ आहे. आराखड्यात असा फेरबदल करताना महापालिकेला किंवा नगरपरिषदेला जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची असते.

हा महिना सूचनेच्या तारखेपासून मोजायचा. तुम्ही ती वाचली त्या दिवसापासून नव्हे. वर्तमानपत्रात ती बारीक अक्षरात, एखाद्या कोपऱ्यात येते. गल्लीतल्या रोज पेपर वाचणाऱ्या काकांना सांगून ठेवा. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

इथे बरेच जण एक घोटाळा करतात. ‘माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, उत्तर आलं की लिहू.’ त्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात. तोवर तुमची मुदत गेली! त्यापेक्षा सरळ नगररचना विभागात जा आणि नकाशा दाखवायला सांगा. तो कुठे पाहता येईल ते बहुधा सूचनेतच लिहिलेलं असतं. दोघं-तिघं मिळून जा. एकाने पाहावं, एकाने लिहून घ्यावं.

नकाशा कळत नाही म्हणून बिचकू नका. गुडघे दुखणारी तुमची आई तिथे राहायला गेली आहे असं समजा, आणि बोट ठेवून तिच्याबरोबर चाला. फाटकापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? शेजारी रॅम्प आहे का? ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येऊन वळेल का, की रस्त्यावरच थांबेल? बसथांबा, औषधाचं दुकान, भाजी, बँक यांतलं पायी गाठण्यासारखं काय आहे? वाटेत रस्ता ओलांडावा लागत असेल तर सिग्नल आहे का? ज्या वयात गाडी चालवणं सुटतं, त्या वयाच्या माणसाला गावाबाहेरचं देखणं संकुल म्हणजे कोंडवाडाच.

मग आपल्या गल्लीकडे या. आत्ताच उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर नव्या घरांना पाणी कुठून देणार? पावसाचं पाणी कुठे जाणार? भेटीला येणाऱ्यांच्या आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या गाड्या कुठे लागणार? हे प्रश्न विचारणं म्हणजे म्हाताऱ्यांना विरोध करणं नव्हे. ‘आमच्याकडे वृद्ध नकोत’ असं मात्र लिहू नका. ते वाईट आहेच. शिवाय दहा-पंधरा वर्षांनी तुम्हालाच तिथे घर हवं असेल.

अर्ज साधा ठेवा. नाव, पत्ता, जागेचा सर्व्हे नंबर, सूचनेची तारीख. मग मुद्दे एकाखाली एक. नुसती हरकत घेऊ नका, काय हवं तेही लिहा: ‘मैदान पूर्ण घेऊ नये, एवढा भाग मोकळा ठेवावा’, ‘फाटक मागच्या रुंद रस्त्यावर काढावं’. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का मारून पोच घ्या, आणि ती जपून ठेवा. सुनावणीचं पत्र आलं की जा. नंतर प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीला जातो, तेव्हा तुमचं बोलणं नव्हे, तुमचा कागदच बरोबर असतो.

जागा आधीपासूनच निवासी असेल, तर गोष्ट वेगळी. साध्या बांधकाम परवानगीसाठी अशा हरकती मागवत नाहीत. तिथे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. मंजूर नकाशे तिथे पाहायला मिळतात.

तिथेच घर घ्यायचा विचार असेल, तर आणखी थोडं. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम ठरवून दिले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी. दारं चाकाची खुर्ची जाईल एवढी, म्हणजे किमान ९० सेंटिमीटर रुंद. न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणारी फरशी. या सोयी विक्रीच्या करारातही लिहिलेल्या असायला हव्यात. रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि करार वाचा. दांडा करारात नसेल, तर तो भिंतीवर असेलच असं नाही.

करार विक्रीचा आहे, की ठेव भरून आयुष्यभर राहण्याचा, हेही पाहा. ठेवीचा असेल तर माणूस गेल्यावर किंवा मधेच सोडल्यावर पैसे कधी आणि किती परत, ते लेखी घ्या. रेरा कायद्याखालच्या विक्रीत, करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. ‘आज भरलं तर सवलत’ असं कोणी म्हणालं, तर घरी या, मुलांना करार दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्या.