रानपिंगळ्याची नोंद

बँकेतील माझ्या नोकरीची अखेरची नऊ वर्षे तपासणी विभागात गेली. शाखेत जायचे, खातेवह्या उघडायच्या आणि प्रत्येक नोंदीमागे कागद आहे की नाही हे पाहायचे, एवढेच ते काम. निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असे वाटले होते. ती सुटली नाही. आमच्या सहा जणांच्या पक्षिनिरीक्षक मंडळीत यादी लिहिण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. गेल्या फेब्रुवारीत मेळघाटच्या जंगलात त्या यादीतील एका ओळीने माझी झोप उडवली, त्याची ही हकिकत.

आम्ही गेलो होतो रानपिंगळ्यासाठी. वाचकांपैकी अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल, म्हणून थोडा पूर्वेतिहास सांगतो. रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचे, साधारण तेवीस सेंटिमीटरचे एक घुबड. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात प्रथम मिळाले आणि १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हे ह्यूम म्हणजे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. पुढे आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहाद्याच्या आसपास या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची एकही विश्वासार्ह नोंद नाही. संग्रहालयांच्या खणांत हातावर मोजण्याइतके पेंढा भरलेले पक्षी उरले आणि रानपिंगळा नामशेष झाला असे बहुतेकांनी मनोमन धरून टाकले.

मग २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तीन अमेरिकन अभ्यासकांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर आपल्याकडील अभ्यासकांनी तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खंडवा-बुऱ्हाणपूरच्या रानांत त्याचा माग काढला. २०१४ साली तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला. जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' होता. २०१८ पासून 'संकटग्रस्त' आहे. एक पायरी खाली उतरला, इतकेच.

सहलीचा आग्रह अण्णांचा. अण्णा आमच्यातले ज्येष्ठ, वय बहात्तर, मुख्य रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वहीत आजवर पाहिलेल्या तीनशे एकसष्ट पक्ष्यांची नावे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदूचे निदान झाले, तेही उशिरा. उजव्या डोळ्याने आता केवळ उजेड कळतो आणि डाव्या डोळ्याची दृष्टी कडांकडून आत आत मिटत चालली आहे. या दुखण्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली औषधाने राखायची असते. "उरलेल्या शिलकेत एक रानपिंगळा बसवू या," असे ते दिवाळीत म्हणाले होते. नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

बडनेऱ्याला उतरून अमरावती, परतवाडा आणि तिथून घाट चढून सेमाडोह. जंगलाला सुरुवात झाली तशी सौ. कुजबुजली, "हे असे उजाडच असते का हो?" तिचा प्रश्न रास्त होता. जंगल म्हटले की आपल्या मनात हिरवा काळोख उभा राहतो. मेळघाट फेब्रुवारीत तसा नसतो. इथे पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ. पाण्याची उधळपट्टी परवडत नाही म्हणून साग आपली ताटाएवढी पाने खाली टाकून देतो. ऐन, धावडा, तिवस, सालई हेही आपापल्या वेळेने रिते होतात. कांडोळाचे पांढरे खोड तर दुपारच्या उन्हात कोणी चुना लावून ठेवल्यासारखे दिसते. पायाखाली वाळलेल्या सागपानांचा असा चुरचुराट की, सहा माणसांनी दबकत चालायचे म्हटले तरी साऱ्या रानाला वर्दी जावी. आमचा वाटाड्या, एक कोरकू तरुण, त्याच पानांवरून कसा बिनआवाज चालत होता, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही.

त्यानेच आम्हाला सांगितले की, कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. सेमाडोहची सिपना नदी त्या झाडाच्या नावाची. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या साऱ्या नद्या मेळघाटातून निघून तापीला मिळतात. १९७४ साली हा व्याघ्रप्रकल्प झाला तो वाघासाठी. पण तापीच्या पात्रात आज जे पाणी आहे त्यातील पुष्कळसे या 'उजाड' डोंगरांच्या पोटातून येते. (वाघ आम्हाला दिसला नाही. त्याच्या पंजाचे ठसे मात्र धुळीत दिसले, आणि डॉक्टरसाहेबांनी त्यांचे एवढे फोटो काढले की वाघाला संकोच वाटावा.)

हे उघडे रानच रानपिंगळ्याचे घर आहे. अन्य घुबडांसारखा तो केवळ रात्रीचा नव्हे. थंडीतल्या सकाळी तो निष्पर्ण फांदीच्या टोकाला ऊन खात बसतो आणि खालच्या विरळ जमिनीवरचे सरडे, सापसुरळ्या, उंदीर टिपतो. घरट्यासाठी त्याला ढोल्या लागतात, आणि ढोल्या जुन्या, जाड झाडांनाच असतात. जुने झाड तुटले किंवा वणव्यात जळले की, पुढची पन्नास वर्षे तिथे कितीही रोपे लावली तरी त्याच्या उपयोगाची नाहीत. वनखात्याने रस्त्यांच्या कडेने जाळरेषा काढलेल्या दिसत होत्या. तरी एका उतारावर काळी राख पसरलेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौराकुंडच्या बाजूला, गावाच्या शिवेवरच्या कोरड्या नाल्याकाठी, परवानगीने आणि वाटाड्यासोबत आम्ही पायी निघालो. साडेपाच वाजले असतील. ऐनाच्या झाडावरून एक लहानसे राखी घुबड भुर्रकन उडाले, नाल्यापलीकडच्या फांदीवर क्षणभर टेकले आणि नाहीसे झाले. सारे मिळून चार सेकंद.

"रानपिंगळा!" अण्णा ओरडले. त्यांचे हात थरथरत होते. "पाहिला! मी पाहिला!"

सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले. वाटाड्या काही बोलला नाही. परतताना तो माझ्या बरोबरीने चालू लागला आणि हळूच आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला, "बाबूजी, त्याच्या डोक्यावर ठिपके होते."

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. गावाच्या आसपास, वडा-पिंपळावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे असते, छाती गडद, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. आकारात दोघे उन्नीस-बीस. चार सेकंदांत, मावळत्या उजेडात, बाहत्तराव्या वर्षी, एका डोळ्याने हा फरक करायचा! मी स्वतः केवळ उडती पाठ पाहिली होती. भाचीच्या कॅमेऱ्यात रिकामी फांदी आली होती.

जेवताना अण्णांनी विचारले, "लिहिलेस ना?"

"लिहितो," मी म्हणालो. तपासणीच्या वेळी शाखाधिकारी मला असेच उत्तर देत, तेव्हा मी त्यांच्यावर डाफरत असे.

खोलीत सौ. म्हणाली, "लिहून टाका. त्या माणसाला आनंद आहे, आणि कोणाचे काय जाते?"

कोणाचे काय जाते, हाच प्रश्न मला झोपू देईना, कारण याच पक्ष्याच्या बाबतीत एका खोट्या नोंदीने काय झाले, ते मी सहलीआधी वाचले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा ब्रिटिश सैन्यातील एक कर्नल. पक्षितज्ज्ञ म्हणून त्याचा मोठा दबदबा होता. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते की, तो १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला. म्हणजे पक्षी १८८४ नंतरही होता, आणि मांडवीला होता! नोंद मान्यवर माणसाची, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी रानपिंगळा शोधला. तो सापडला नाही. खोट्या ठिकाणाने शोधणाऱ्यांची नजर भलतीकडे वळवली होती. पुढे रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. चामडीत भरलेले जुने साहित्य, शिवण, क्ष-किरण चित्रे यांवरून निष्पन्न झाले की, हा पक्षी माइनर्ट्झहागेनने मांडवीला मारलेलाच नव्हता. तो डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला. संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. १९९९ साली हे सारे सविस्तर प्रसिद्ध झाले. रासमुसेन यांनी शोधासाठी निघताना ती नोंद बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे हाती घेतली. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली, तिथे यश आले नाही, मग शहादा. डेव्हिडसन या सरकारी नोकराने शंभरावर वर्षांपूर्वी गावाचे नाव नीट लिहून ठेवले होते, म्हणून पक्षी सापडला.

अण्णा काही माइनर्ट्झहागेन नव्हेत. त्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना तो दिसला होता, निदान दिसावासा फार वाटला होता. आमची यादीही संग्रहालयात जाणार नव्हती. तरीही रात्री अकराच्या सुमारास मी कंदिलाजवळ बसून लिहिले: 'पिंगळा, एक. जात अनिश्चित.' बँकेत ज्या रकमेचे मूळ लागत नाही ती उचंत खात्यात टाकतात, तसे. लिहिले, पण अण्णांना सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या सकाळी, बोचरी थंडी होती. निघताना डॉक्टरसाहेबांनी भ्रमणध्वनी काढला; त्यात रानपिंगळ्याचा आवाज साठवलेला होता, तो वाजवला तर पक्षी समोर येतो. वाटाड्याने हात आडवा केला. "विणीचे दिवस आहेत, साहेब. त्याला वाटेल दुसरा कोणी घरात शिरला." खोटी नोटीस धाडून खातेदाराला शाखेत बोलावण्याचाच हा प्रकार, असे माझ्या मनात आले. डॉक्टरांनीही भ्रमणध्वनी लगेच खिशात टाकला.

आम्ही तासभर चाललो. टकाचोर, हळद्या, तुइया पोपटांचा एक थवा. सूर्य कड्यावर आल्यावर वाटाड्या थांबला आणि त्याने नुसती हनुवटी वर केली. समोरच्या सागाच्या शेंड्यावर, अगदी उघड्यावर, तो बसला होता. डोके साधे, राखी-तपकिरी. चोच आणि पाय त्या देहाला शोभू नयेत एवढे दणकट. पोट उन्हात पांढरे शुभ्र. त्याने शेपटी डावी-उजवीकडे झटक्याने हलवली आणि आमच्याकडे पाहिले. त्या पिवळ्या डोळ्यांत आमच्याविषयी कसलेही कुतूहल नव्हते.

सर्वांनी अण्णांना पुढे केले. डॉक्टरांनी तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण झाडावर लावून दिली. अण्णा वाकले, डावा डोळा लावला. भाची त्यांच्या कानाशी सांगत होती, "वर, अण्णा, अजून थोडे वर, फांदीच्या टोकाला." ते बराच वेळ पाहत राहिले.

"फांदी दिसते," ते म्हणाले. "टोकाला उजेड दिसतो."

कोणी काही बोलले नाही. भाचीने दुर्बीण पुन्हा नीट केली, अण्णा पुन्हा वाकले, पुन्हा तेच. आणि त्याच वेळी तो पक्षी बोलला. साध्या पिंगळ्याची कर्कश किलबिल नव्हती ती. मऊ, दोन तुकड्यांची हाक. थोडे थांबून पुन्हा तीच. अण्णांनी दुर्बिणीवरून डोके उचलले, कानटोपी काढून हातात घेतली आणि थंडीत तसेच उभे राहिले. पक्षी उडून गेल्यावरही काही वेळ त्यांनी टोपी घातली नाही.

दुपारी सामान बांधताना त्यांनी यादी मागितली. भिंग लावून ते एकेक ओळ वाचू लागले. आदल्या संध्याकाळच्या ओळीवर भिंग थांबले. मी उगाच पिशवीचे बंद आवळत होतो.

"तपासणीवाला तो तपासणीवालाच," ते म्हणाले. रागावले होते की नाही ते मला आवाजावरून कळले नाही. मग म्हणाले, "कालचे आहे तसे राहू दे. आजच्या रानपिंगळ्यापुढे तुमच्या पाचांची नावे लिही, 'पाहिला' म्हणून. माझ्या नावापुढे लिही, 'ऐकला'."

मी लिहिले. त्यांनी पेन मागून घेतले आणि रोखपाल खाडाखोडीशेजारी करतात तशी आपली बारीक सही त्या शब्दापाशी केली. ती ओळीच्या जरा वर गेली. मग यादी माझ्याकडे सरकवून विचारले, "तुइया पोपट किती लिहिलेस? मी अकरा मोजले. आवाजावरून."