टोमॅटोचे वाण दणकट, पण कोणत्या रोगाला?



मोशी, चिखली, डुडुळगाव, चऱ्होली या इंद्रायणीकाठच्या गावांतले सभासद ऊसनोंदीसाठी गट ऑफिसात आले की काम उरकल्यावर एक प्रश्न हमखास विचारतात : पावसाळी, लहरी हवेत टिकणारं टोमॅटोचं दणकट संकरित वाण कोणतं? प्रश्न रास्त आहे. १९९७ साली मोशी महापालिकेत गेली. तेव्हापासून रानांचे प्लॉट पडत गेले आणि अनेकांकडे आता एकर-दीड एकरच जमीन उरली. तेवढ्यातून चार पैसे जादा सुटावेत असं कोणालाही वाटणारच. शिवाय मोशीचा उपबाजार हाकेच्या अंतरावर.

पण आमचे स्पष्ट मत असे की हा प्रश्न अर्धाच विचारला जातो. दणकट म्हणजे कोणत्या रोगाला दणकट, हे विचारल्याशिवाय बियाण्याचे पाकीट घेऊ नये.

आपल्या उसाचंच पाहा. को ८६०३२ हे वाण १९९६ पासून आपल्याकडे आहे आणि त्याच्याइतकं भरवशाचं वाण क्वचितच मिळालं असेल. तरी पावसाळी हवेत त्याच्या शेंड्यावर पोक्का बोईंग दिसतोच. मग आपण वाण वाईट म्हणतो का? नाही. अमुक रोगाला ते चालतं, अमुक रोगाला जपावं लागतं, हे आपल्याला ठाऊक असतं. टोमॅटोच्या बाबतीत मात्र पाकिटावरचा 'रोगप्रतिकारक' हा एकच शब्द वाचून आपण निर्धास्त होतो.

आता उदाहरण घेऊ. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का रक्षक' हे संकरित वाण काढले. फळ ९० ते १०० ग्रॅमचे, घट्ट, वाहतुकीला चांगले. उत्पादन संस्था हेक्टरी ७५ ते ८० टन सांगते. हे वाण तीन रोगांना दाद देत नाही : पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. यादी नीट वाचा. तिच्यात उशिरा येणारा करपा नाही! आणि श्रावण-भाद्रपदात नदीकाठच्या रानात प्लॉट बसवतो तो हाच. गार हवा, झिमझिम पाऊस, दिवसदिवस पान वाळत नाही, अशी हवा मिळाली की आठवड्यात उभा प्लॉट भाजल्यासारखा होतो. याच संस्थेचे 'अर्का अभेद' हे त्यानंतरचे वाण आहे. त्यात वरच्या तीन रोगांबरोबर उशिरा येणाऱ्या करप्याचीही प्रतिकारशक्ती आणली आहे. आपल्या हवेला विचारायचे ते असे वाण.

हा करपा साधा समजू नये. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून लाखो माणसं उपाशी मेली, तो हाच रोग. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले. आपल्या खेड तालुक्यात पावसाळी बटाटा होतो, तेव्हा शेजारच्या बटाट्यावर करपा दिसला की आपल्या टोमॅटोवरही तो येणार असे धरून चालावे. बटाटा, वांगी, मिरची निघालेल्या रानात टोमॅटो घेऊच नये.

वाण कितीही चांगले असले तरी यादीबाहेरचा रोग येतोच. २०२० च्या मे महिन्यात आपल्या भागात टोमॅटोची फळं धड लाल होईनात, पिवळे-हिरवे पट्टे पडले. लोकांनी 'तिरंगा व्हायरस' नाव दिलं. तपासणीत काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तो मावा पसरवतो. पर्णगुच्छ पसरवते पांढरी माशी. म्हणून रोपं कीटकरोधक जाळीतली हवीत आणि प्लॉटच्या कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी हव्यात.

बाकीचं काम पान कोरडं ठेवण्याचं आहे. गादीवाफा उंच करा. दोन ओळींत चार-पाच फूट अंतर ठेवा. बांबू-तारेवर झाड बांधून खालची पानं काढून टाका. पाणी ठिबकनेच द्या. पाण्यात चढउतार झाला की फळं तडकतात. मॅन्कोझेबसारखं औषध करपा दिसण्याआधी मारायचं असतं, दिसल्यावर त्याचा उपयोग थोडा.

ऊसवाल्यांना दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. एक, उंच आडसाली उसाला खेटून टोमॅटो लावू नका. तिथे वारा अडतो आणि पान वाळत नाही. दुसरी, उसावर २,४-डी मारलेला पंप टोमॅटोला लावू नका आणि वाऱ्यावर त्याचा फवारा जाऊ देऊ नका. पानं अशी आकसतात की माणूस व्हायरस समजून भलतीच औषधं मारत बसतो.

आणखी एक. उसाचं बेणं आपल्याच मळ्यातलं चालतं, कारण कांडीतून तोच ऊस उगवतो. संकरित टोमॅटोचं बी धरून ठेवलं तर पुढच्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत, रोगाला तोंड देण्याची ताकदही सर्वांत उतरत नाही. बी दर वेळी नवं घ्यावं लागतं, तो खर्च आधी धरा.

राहिला भाव. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला. नारायणगावच्या बाजारातल्या बातम्या वाचून अनेकांचे डोळे दिपले. सप्टेंबरात तोच माल उत्पादनखर्चही न निघाल्याने लोकांनी रस्त्यावर ओतला. उसाला एफआरपीचा कायदेशीर आधार आहे, टोमॅटोला कसलाच नाही. म्हणून उभा खोडवा मोडून टोमॅटो लावायला आमचा विरोध आहे.

मात्र खोडवा तुटून रान मोकळं झालं असेल तर तिथे दहा-वीस गुंठे जरूर करावा. मे अखेर हिरवळीचं खत गाडून जूनच्या मध्यावर रोपं लावली, तर १४० दिवसांचं पीक नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघतं आणि तिथेच पूर्वहंगामी ऊस बसतो. ठिबक तीच, दिलेलं खतही उसाच्या कामी येतं आणि रानाला बेवड मिळतो. भाव पडला तरी घर बसणार नाही, चढला तर आनंदच आहे.

तेव्हा दुकानात गेल्यावर 'दणकट वाण द्या' म्हणू नका. रोगांची नावं घ्या आणि पाकिटावर ती छापलेली दाखवायला सांगा. कळावे.